‘मृताशी नाते’ या रकान्यात काय लिहावे

नृसिंहवाडीच्या बाई २ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे गेल्या आणि त्यांच्या नावाचा शेवटचा कागद १२ ऑगस्ट २०२४ रोजी माझ्या हातात पडला. मधले सहा महिने दहा दिवस मी सांगलीहून वाडीला, कुरुंदवाडला, शिरोळला आणि बँकेत खेपा घालत होते. मी बाईंची रक्ताची कोणीही नव्हते. त्या माझ्यापेक्षा छत्तीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि आमची मैत्री होती, एवढेच आमचे नाते. अशा नात्याने मागे राहिलेल्या माणसाला कोणत्या कार्यालयात काय विचारतात, कोणता कागद आधी लागतो आणि कुठे थांबावे लागते, हे मला कोणी सांगितले असते तर माझा बराच त्रास वाचला असता. शेजारच्या एकट्या आजींची, जुन्या शिक्षकांची किंवा निपुत्रिक मित्राची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शिरोळ तालुक्यातील तीन-चार गावांत त्यांची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर, सन २००० पासून, त्या वाडीत घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळातल्या खोलीत भाड्याने राहू लागल्या. लग्न केले नव्हते. खोलीत एक पत्र्याची ट्रंक, एक घोंगडी, दोन पातेली, वातीचा स्टोव्ह, दत्ताची तसबीर आणि बासनात बांधलेली पोथी, एवढाच संसार होता. दिवसातून एकदाच जेवत. गुरुवारी तेही नाही. पायात वहाण कधी घातली नाही, कारण घाटाच्या दगडाला पाय कळला पाहिजे, असे त्या म्हणत. सरकारी कागदांपुरते सोडले तर स्वतःचे छायाचित्र कोणाला काढू दिले नाही.

वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे हे गाव दत्तभक्तांचे मोठे स्थान आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते आणि त्यांच्या पादुकांचे देऊळ अगदी नदीच्या काठावर, औदुंबराच्या सावलीत उभे आहे. पावसाळ्यात नदी देवळात येते. उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लांबून माणसे येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. बाई ‘पूर’ हा शब्द वापरत नसत. ‘आई घरी आली’ असे म्हणत. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या, २००५, २०१९ आणि २०२१. त्यांतली २०१९ ची रेघ दाराच्या चौकटीच्याही वर होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नावेने बाहेर काढताना बाईंनी ट्रंक सोडून दिली होती आणि खताच्या पोत्यात गुंडाळलेली एक वही तेवढी डोक्यावर धरली होती.

ती वही म्हणजे शाळेतला हजेरीपट. रोज पहाटे बाई घाटावर जात, पाण्याला नमस्कार करत आणि मोठ्या आवाजात तिथी, वार सांगून ‘हजर आहे, आई’ असे म्हणत. मग खोलीवर येऊन हजेरीपटात स्वतःच्या नावापुढे ‘ह’ लिहीत आणि खालच्या ओळीत त्या दिवशी पाण्याबाहेर दिसलेल्या पायऱ्यांची संख्या. आजारपणात ‘गै’ लिहीत. पाणी बोळात आले की पायऱ्यांच्या जागी ‘आई घरी’. चोवीस वर्षांत असे नऊ हजेरीपट भरले होते. गावातले काही लोक त्यांना विक्षिप्त म्हणत आणि त्याच तोंडाने आपल्या मुलांना पाढे शिकवायला त्यांच्याकडे पाठवत.

माझी त्यांची ओळख २००९ साली एका गुरुवारी झाली. माझ्या आईने दिलेले निर्माल्य पिशवीतून पाण्यात सोडायला मी हात पुढे केला आणि कोणीतरी माझे मनगट घट्ट धरले. ‘कितवीपर्यंत शिकलीस?’ हा बाईंचा मला पहिला प्रश्न. पंचगंगेच्या पाण्याचा रंग आणि वास दर उन्हाळ्यात कसा होतो, मेलेले मासे काठाला कसे लागतात, हे त्यांनी मला त्याच दिवशी दाखवले. पुढे पंधरा वर्षे, महिन्यातून एक-दोन गुरुवार, मी त्यांच्या शेजारी टोपली घेऊन निर्माल्य गोळा करायला उभी राहिले. इतकीच आमची मैत्री आणि तिच्यात मला काही कमी वाटले नाही.

२ फेब्रुवारीला, पौष वद्य सप्तमीला, सकाळी सव्वासहाला घरमालक काकांचा फोन आला. पहाटे बाई घाटावर दिसल्या नाहीत म्हणून वहिनींनी दार ढकलले, तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि श्वास नव्हता. मी साडेसातला पोहोचले. सर्वांत पहिले काम डॉक्टरांना बोलावण्याचे. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४-अ, घ्यावे लागते आणि ते अंत्यसंस्काराआधीच हातात असलेले बरे. बाईंच्या रक्तदाबाची गोळी देणारे डॉक्टर गावातलेच असल्याने ते तासाभरात आले. ज्यांना नेहमीचा डॉक्टर नाही त्यांची येथेच अडचण होते, म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाची वर्षातून दोनदा तरी एकाच डॉक्टरकडे तपासणी होईल असे पाहावे. आणखी एक गोष्ट त्या गडबडीत मला सुचली नाही. डॉक्टरांनी गावात चालणारे नाव लिहिले आणि आधार कार्डावर नाव निराळ्या पद्धतीने होते. कागदावर नाव लिहिले जात असताना आधार कार्ड समोर ठेवावे. त्या एका अक्षराचे पुढे काय झाले ते सांगतेच.

आधार कार्ड शोधताना ट्रंकेत सर्वांत वर एक लिफाफा मिळाला. त्यावर ‘मी गेल्यावर उघडणे’ असे बाईंच्या गोलसर, एकसारख्या अक्षरात लिहिले होते. आत फुलस्केप कागदावर तीन सूचना होत्या. माझी रक्षा नदीत सोडू नये, आईच्या अंगावर मी आयुष्यभर कोणाला काही टाकू दिले नाही. तेराव्याचे जेवण घालू नये, त्या पैशांत शाळेला वह्या द्याव्यात. झाड लावायचे असेल तर पाणी कोण घालणार ते आधी ठरवावे. त्याखाली मृत्युपत्र होते.

अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न स्मशानात पोहोचण्यापूर्वीच आला. बाईंचे दोन भाचे होते, एक पुण्यात, एक इंदूरला, पण त्यांचे पत्ते शोधण्यातच दिवस गेला असता. जमलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली तेव्हा वयोवृद्ध गुरुजी पुढे आले आणि म्हणाले, ‘क्रियेचा अधिकार असलेल्यांची यादी मुलापासून सुरू होते हे खरे, पण ती मुलापाशी संपत नाही. त्या यादीत शिष्य आहे, मित्रही आहे. तुम्ही दोघे पुढे व्हा.’ दुसरा म्हणजे बाईंचा चौथीचा विद्यार्थी, आता पन्नाशीचा शेतकरी. मी त्यांना दादा म्हणते. आम्ही दोघांनी मिळून अग्नी दिला. लाकूड, शेणी आणि इतर सामानाला ४,६०० रुपये झाले. गुरुजींनी दक्षिणा घेतली नाही, त्यांच्या मुलाला बाईंनी मुळाक्षरे शिकवली होती.

रविवारी, ४ तारखेला, रक्षाविसर्जन झाले. दादांची मळीची जमीन नदीला लागून आहे, कृष्णाकाठची वांगी पिकतात ती हीच. बांधाच्या कडेला खड्डा काढून रक्षा मातीत घातली आणि औदुंबराचे रोप लावले. पाणी कोण घालणार, याचे उत्तर दादांच्या पाचवीतल्या मुलीने आपण होऊन दिले. जमलेल्यांपैकी काहींनी अस्थी तरी संगमात सोडाव्यात असा आग्रह धरला होता. त्यांना मी बाईंचा कागद वाचून दाखवला. लेखी इच्छेचा हा मोठा उपयोग असतो, वाद घालावा लागत नाही, नुसते वाचावे लागते.

मंगळवारी, ६ तारखेला, मी मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यानुसार २१ दिवसांच्या आत खबर दिली तर नोंद विनाशुल्क होते. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क पडते, त्यापुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतो आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दुःखाच्या दिवसांत हे २१ दिवस भराभर जातात, म्हणून हे काम आठवड्याच्या आत उरकावे.

मला दिलेल्या अर्जात तिसरा रकाना होता, ‘अर्जदाराचे मृताशी नाते’. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. ‘मैत्रीण’ लिहिले तर अर्ज परत येईल अशी भीती वाटली, ‘भाची’ लिहिले तर ते खोटे झाले असते आणि बाईंच्या कामात खोटे लिहिणे मला शक्य नव्हते. ग्रामसेवकांना मी सरळ विचारले. त्यांनी शांतपणे समजावले की घरात मृत्यू झाला असेल तर खबर देण्याची जबाबदारी आधी घराच्या प्रमुखाची असते, तेव्हा घरमालकांनी खबर द्यावी आणि मी सोबत यावे. काका लगेच आले, त्यांनी मृत्यू अहवालाच्या नमुना २ वर सही केली आणि अडचण सुटली. खबर देणाऱ्याला नोंदीचा एक उतारा विनामूल्य मिळतो. जादा प्रतींसाठी मला प्रत्येकी २० रुपये पडले. मी आठ घेतल्या, त्यांतल्या सात लागल्या. झेरॉक्स पुरेल असे सगळे सांगतात, पण ऐनवेळी मूळ प्रतच मागतात. दाखला ९ तारखेला मिळाला.

तेरावा १४ फेब्रुवारीला झाला, जेवणाऐवजी शाळेत १२० वह्या वाटल्या. गुरुजींच्या यादीत मला जागा होती आणि छापील अर्जात नव्हती, ही गोष्ट त्या दिवसांत माझ्या मनातून जात नव्हती.

बँकेत मी पहिल्यांदा १६ फेब्रुवारीला गेले. शाखेचे नाव लिहीत नाही, कारण तिथले बरेवाईट अनुभव कुठल्याही शाखेत येऊ शकतात. काउंटरवरच्या साहेबांनी दाखला पाहिला आणि विचारले, ‘तुम्ही कोण?’ मी मैत्रीण म्हटल्यावर त्यांनी दाखला परत माझ्याकडे सरकवला आणि वारसांना घेऊन या म्हणाले. मी उठले नाही. किमान खातेदार मृत झाल्याची नोंद करून घ्या आणि माझ्या पत्राची पोच द्या, अशी विनंती केली. पोच मिळाली. पुढे मार्चमध्ये माझी फाइल सापडत नाही असे सांगण्यात आले तेव्हा त्या पोचेवरच्या शिक्क्याने मला वाचवले. पत्र नेहमी दोन प्रतींत न्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याखेरीज खुर्ची सोडू नये.

येथे एक चूक माझी झाली. बँकेत कळवले म्हणजे निवृत्तिवेतन आपोआप थांबेल असे मी धरून चालले. तसे झाले नाही आणि मार्चच्या सुरुवातीला संपूर्ण फेब्रुवारीचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंतचे देय असते, म्हणजे त्या महिन्याच्या २९ दिवसांपैकी दोन दिवसांचे बाईंचे आणि उरलेल्या २७ दिवसांचे शासनाला परत करायचे. मी ११ मार्चला शिरोळच्या पंचायत समितीत दाखल्याची प्रत आणि निवृत्तिवेतन आदेशाची झेरॉक्स दिली, तिथल्या ताईंनी हिशेब करून बँकेला पत्र दिले आणि जादा रक्कम खात्यातूनच वळती झाली. निवृत्तिवेतनधारक गेल्यावर पहिल्या आठवड्यातच ही दोन्ही ठिकाणे लेखी कळवावीत. आणि एटीएम कार्ड कोणाकडे असले, पिन माहीत असला, तरी मृत्यूनंतर त्या खात्यातून एक रुपयाही काढू नये. क्रियाकर्मासाठी काढले, हे कारण पुढे कोणी ऐकून घेत नाही. अविवाहित असल्याने कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न नव्हता.

२५ फेब्रुवारीला गुरुप्रतिपदा होती. वाडीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. दरवर्षी बाई पहाटे तीनपासून घाटावर टोपली घेऊन असत. मी दादांच्या मुलीला घेऊन तिथे उभी राहिले. दुपारपर्यंत सात टोपल्या भरल्या. एका वृद्ध बाईंनी ‘त्या ओरडणाऱ्या बाई कुठे आहेत?’ असे विचारले आणि उत्तर ऐकल्यावर हातातली पिशवी मुकाट्याने आमच्या टोपलीत रिकामी करून त्या माझ्याशेजारी बराच वेळ उभ्या राहिल्या.

बाईंच्या बचत खात्यावर ६८,००० च्या आसपास शिल्लक होती. खाते १९७९ चे आणि नॉमिनी म्हणून त्यांच्या आईचे नाव, ज्या १९८७ मध्ये वारल्या होत्या. नॉमिनी खातेदाराआधी गेला तर ते नामनिर्देशन निरुपयोगी ठरते. आपल्या आईवडिलांचे पासबुक आजच उघडून ते नाव कोणाचे आहे ते पाहावे, हे मी ज्याला त्याला सांगते. दुसरे म्हणजे पासबुकात दर तिमाहीला एक ठरावीक व्याज जमा होताना दिसत होते, म्हणजे कुठेतरी मुदत ठेव होती. पावती मात्र ट्रंकेत नव्हती. ती मिळाली पोथीच्या बासनात, दुहेरी घडी घातलेल्या खणाच्या कापडात. दीड लाख रुपये, २०१४ पासून नूतनीकरण होत आलेली ठेव.

१८ मार्चला मी पावती घेऊन गेले तेव्हा काउंटरवर एक तरुण कर्मचारी होती. तिने संगणकात पाहून, नॉमिनी आहे, असे सांगितले आणि माझे नाव वाचले. बाईंनी मला हे कधीही सांगितले नव्हते. तिने आतून नामनिर्देशनाचा मूळ अर्ज शोधून आणला. पिवळा पडलेला कागद, कडेला टाचणीचा गंज, आणि निळ्या शाईतली बाईंची अक्षरे, प्रत्येक शिरोरेघ पट्टी लावून ओढल्यासारखी. ‘ठेवीदाराशी नाते (असल्यास)’ या रकान्यात बाईंनी ‘ऋणानुबंध’ असे लिहिले होते.

त्या मुलीने मला पाणी दिले आणि पुढचे अर्ज स्वतः भरायला मदत केली. नॉमिनी कोणीही व्यक्ती असू शकते, ती नातेवाईकच असावी असे बंधन नाही. दाव्याचा अर्ज, मूळ पावती, मृत्यूचा दाखला, माझे आधार आणि पॅन, एवढ्यावर काम झाले. नॉमिनी असेल तर कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने रक्कम द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला दहा दिवसांनी, २८ मार्चला मिळाली. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नॉमिनी हा पैशांचा मालक नसतो, तो खऱ्या हक्कदारांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. बाईंच्या मृत्युपत्रात सर्व रक्कम त्यांच्या शेवटच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी होती, म्हणून मी ती माझ्या नेहमीच्या खात्यात न घेता त्यासाठी वेगळे खाते उघडले.

बचत खात्याचे काम मात्र रेंगाळले. बाईंचे मृत्युपत्र नोंदणीकृत नव्हते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांसमोर सही झालेली असणे आणि त्यांनी सही करणे महत्त्वाचे. पण बाईंच्या दोन साक्षीदारांपैकी एक २०२१ मध्ये वारले होते आणि बँकेला निव्वळ त्या कागदावर रक्कम द्यायची नव्हती. न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणले तर वेळ आणि खर्च रकमेच्या मानाने फार झाला असता. कमी रकमेसाठी बँका तेव्हा स्वतःच्या मर्यादेत दुसरा मार्ग देत, तो मी लेखी मागितला. कायदेशीर वारसांचे हक्क सोडल्याचे पत्र, इन्डेम्निटी बॉण्ड, म्हणजे पुढे बँकेचे नुकसान झाले तर भरून देण्याची लेखी हमी, आणि दोन जामीन. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित स्त्रीला आईवडील हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे हक्क जातो, म्हणून दोन्ही भाच्यांच्या सह्या हव्या होत्या.

मी त्यांना फोन न करता आधी पत्र लिहिले, सोबत दाखला आणि बाईंच्या तिन्ही सूचनांची प्रत जोडली. अनोळखी माणसाने पैशांविषयी एकदम फोन करणे मला बरे वाटले नाही. इंदूरच्या भाच्यांचे नोटरी केलेले पत्र बारा दिवसांत आले. पुण्याचे भाचे मे महिन्यात स्वतः आले. सही करण्याआधी त्यांना खोली पाहायची होती, पण खोली आम्ही ३१ मार्चलाच रिकामी केली होती. काकांनी नव्या भाडेकरूला विचारून दार उघडून दिले. भिंतीवरच्या तीन रेघा वहिनींनी रंग देताना वगळल्या होत्या. भाचे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मला विचारले, ‘मावशी माझ्याविषयी कधी बोलायची का?’ पावकी-निमकी सर्वांत वेगाने म्हणणारा मुलगा म्हणून बाईंनी त्यांचा उल्लेख एकदा केला होता, तो मी सांगितला. त्यांनी तिथेच भिंतीला टेकून सही केली.

आणि मग नावातले ते अक्षर. आधारवर वडिलांचे पूर्ण नाव, पासबुकात नुसते आद्याक्षर, मृत्यूच्या दाखल्यावर बाईंचे बोलीतले नाव. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र काकांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करून दिले, कारण बाईंना चोवीस वर्षे ओळखणारे तेच होते. नोटरी, टंकलेखन, स्टॅम्प, टपाल, झेरॉक्स असा कागदपत्रांचा एकूण खर्च ३,१४० रुपये झाला. बँकेच्या सहा खेपा झाल्या. छायाचित्र मागितले तेव्हा बाईंचे सुटे असे एकही नव्हते, शेवटी निवृत्तिवेतन आदेशावरच्या २००० सालच्या छायाचित्राची प्रत चालली.

शिधापत्रिका परत करणे आणि मतदारयादीतून नाव कमी करण्यासाठी नमुना ७ भरणे, ही दोन्ही कामे एकेका खेपेत झाली.

जुलैत पाऊस वाढला. एका सकाळी दादांच्या मुलीचा फोन आला, ‘मावशी, आई देवळात आली.’ महिन्याअखेर पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा मळीतला औदुंबर पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर तो चिखलातून तसाच उभा दिसला, पाने गाळलेली, पण शेंडा हिरवा.

१२ ऑगस्टला बचत खाते बंद झाले. शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) आणि ठेवीची रक्कम मी त्याच दुपारी शाळेत दिली, पावती घेतली आणि दादांच्या मुलीला घेऊन घाटावर गेले. शेवटचा हजेरीपट आता तिच्याकडे असतो. १ फेब्रुवारीपर्यंत बाईंच्या अक्षरात ‘ह’ आहेत, त्यापुढे ती ओळ कोरी आणि खालची ओळ तिने भरलेली. तिने मोजल्या तर नऊ पायऱ्या आल्या, मी मोजल्या तर आठ, कारण नववीवर दोन बोटे पाणी होते आणि पाय कोरडा राहील तीच पायरी धरायची, असा बाईंचा नियम होता. तिने खोडून आठ लिहिले.